सर्जेरावाचा पाय राखला

निरालंब महाराज त्या वर्षी चातुर्मासासाठी नदीकाठच्या केळशेत गावी राहिले होते. देवळामागच्या पडवीत त्यांचे आसन असे. गावातल्या गोजराबाई परटिणीची त्यांच्यावर अपार श्रद्धा. नवरा गेल्यापासून घाटावरची भट्टी ती एकटीच चालवी.

नागपंचमीच्या सकाळी महाराज स्वतःच घाटावर आले. म्हणाले, "माय, घरात असतील तेवढी जुनी धोतरं काढ. खळखळ उकळ, धगीवर वाळव आणि गाठोडं बांधून ठेव. घागरभर पाणीही उकळून झाकून ठेव."

कशासाठी, हे तिने विचारले नाही. भट्टी पेटली. तेवढ्यात तालमीचा दौलू वस्ताद तिकडून चालला होता. मोडलेली हाडे बसवण्यात पंचक्रोशीत त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरूही देत नसे.

"गोजरे, धुतल्यालीच धोतरं शिजवतीस व्हय? मीठ-मसाला बी टाक, बुवाच्या निवदाला हुईल."

बरोबरचे पैलवान खिदळले. गोजराबाईचे डोळे भरून आले, पण जाळ तिने कमी केला नाही.

दुपारी तालमीपुढे दगडी गोटी, म्हणजे वाटोळा धोंडा, उचलण्याची शर्यत लागली. वस्तादाचा एकुलता एक मुलगा सर्जेराव भलीमोठी गोटी छातीपर्यंत घेऊन उभा राहिला. हलगी कडाडू लागली, लोक टाचा उंचावून पाहू लागले. आणि चिखलात त्याचा पाय सटकला! गोटी नडगीवर आदळली. कातडे फाडून हाडाचे टोक बाहेर आले होते; रक्तात चिखल मिसळला होता.

वस्ताद धावला. "धरा त्याला. हाड आत दाबतो आन् लेप चढवतो."

"वस्ताद, हात लावू नका."

गर्दी दुभंगली. महाराज पुढे आले. "कातडीच्या आत मोडलं असतं तर गोष्ट निराळी. इथं जखम उघडी आहे. हाडाबरोबर हा चिखल आत गेला तर पू धरेल. मग पाय जाईल, कदाचित पोरही. माय, गाठोडं आण."

गोजराबाईच्या अंगावर सरसरून काटा आला. सकाळी सांगितले ते याचसाठी! ती धावत सुटली. परत येताच तिने निवलेल्या पाण्याची धार जखमेवर धरली, चिखल वाहून गेला. हाडाला धक्का न लावता वर स्वच्छ धोतराच्या घड्या ठेवल्या. पैलवानांनी दोन्ही बाजूंनी बांबूच्या कांबी बांधल्या.

"आता पलीकडचा दवाखाना गाठा," महाराज म्हणाले. "लगेच."

पण नदी दुथडी भरून चालली होती. नावाडी शिदू मान हलवत म्हणाला, "महाराज, पाण्याला लई वढ हाय. नाव जाणार न्हाई."

"मग सकाळी नेऊ," वस्ताद पुटपुटला. त्याचा आवाज पार खचला होता.

"सकाळपर्यंत जखम थांबणार नाही," असे म्हणून महाराज गुडघाभर पाण्यात उतरले. हात जोडून म्हणाले, "आई, लेकराला वाट दे."

आणि काय आश्चर्य! उसळते पाणी नावेपुढे तेलासारखे संथ झाले. सर्जेरावाला घेऊन वस्ताद नावेत बसला आणि शिदूने वल्हे मारले. सर्जेरावाचा पाय गोजराबाईने मांडीवर धरला होता. तिने वळून पाहिले, तर नाव पुढे सरकताच मागे पुन्हा लाटा फुटत होत्या. तिच्या तोंडून महाराजांचे नाव तेवढे निघत राहिले, "निरालंबा, निरालंबा."

दवाखान्यात डॉक्टरांनी ताबडतोब इंजेक्शन दिले, जखम आतपर्यंत धुऊन काढली. बाहेर येऊन ते म्हणाले, "अशा जखमेत उशीर झाला की विष भिनतं. तुम्ही स्वच्छ झाकून वेळेत आणलंत. हाड कुणी आत दाबलं नाही, हे तर फारच बरं झालं."

वस्ताद आपल्या तळहातांकडे पाहत राहिला.

दिवाळीच्या सुमारास सर्जेराव कुबड्या घेऊन गावात आला. जखम कोरडी भरली होती. वस्ताद त्याला घेऊन थेट पडवीत गेला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. "ह्याच हातांनी पोराचा पाय घालवला असता मी."

महाराज म्हणाले, "ते हात चांगलेच आहेत. कुठं थांबायचं, तेवढं त्यांना शिकवा."

गोजराबाई खांबाआड उभी होती. वस्ताद उठला, आणि पैलवानांदेखत तिच्यापुढे वाकला. ती संकोचून पाय मागे घेऊ लागली, पण त्याने कपाळ जमिनीला टेकवलेच.