सुंदराचं लुगडं

एका माळावर धनगरांची दोन-तीन बिऱ्हाडं उतरली होती. पुरुषमाणसं मेंढरांमागं गेलेली. एका पालात सासू गिरजाई आणि तिची थोरली सून बायडा. धाकटी सून सुंदरा तापानं गेली होती, आणि तिचं तान्हं पोर मागं राहिलं होतं.

बायडा लेकुरवाळी, अंगावर दूध होतं. तिनं पोर पदराखाली घेतलं, तर ते तोंड फिरवायचं. शेळीचं दूध बोळ्यानं पाजलं, तेही ओकून टाकलं. रडून रडून त्याचा आवाज बसला. आता तर रडणंही थांबत चाललं होतं.

बायडाला मेंढरांचं आठवलं. पोरक्या कोकराला दुसरी मेंढी जवळ घेत नाही, लाथ मारते. मग गिरजाई त्या मेंढीचंच दूध काढून कोकराच्या अंगाला चोळायची. मेंढी हुंगायची आणि आपलंच समजून पाजायची. बायडानं हे कितीदा तरी पाहिलेलं.

तिनं आपलं दूध काढून पोराच्या गालाला, टाळूला चोळलं. पोरानं पुन्हा तोंड फिरवलं.

बायडा सासूकडं वळली. "आत्या, कोकराला चालतं ते ह्याला का चालंना?"

सुनेला माती दिल्यापासून गिरजाई बसल्या जागची हलली नव्हती. मान वर न करताच म्हणाली, "कोकराच्या वेळी नको कोण म्हणतं गं?"

"मेंढी."

"आन् इथं?"

"मी कुठं नको म्हणतेय? नको तर ह्येच म्हणतंय."

"मग वास कुणाला लावायचा?"

बायडा तशीच उठली. सुंदराचं न धुतलेलं लुगडं कुंपणावर टाकलेलं होतं, कुणाला तरी देऊन टाकायला. तिनं ते नेसायला घेतलं.

शेजारच्या पालातली म्हातारी ओरडली, "अगं, मेलेल्या बाईचं नेसतेस? पाठीला लागंल तुझ्या!"

"लागली तर लागू दे. तिचंच लेकरू घेऊन बसलेय मी."

लुगडं नेसून तिनं पोर पुन्हा जवळ घेतलं. पोरानं त्या पदरात नाक घासलं. जरा चाचपडलं. मग लुचू लागलं.



"एवढ्यात धुऊ नकोस गं ते," गिरजाई म्हणाली.

"नाही धूत, आत्या."

बायडा बसल्या बसल्याच पेंगली. पोर पीतच होतं.

तात्पर्य: पाहिलेलं जसंच्या तसं करून भागत नाही. ते तसं का केलं होतं हे उमगलं, तरच ते नव्या अडचणीत कामाला येतं.