लोकरीचा धागा

खूप जुनी गोष्ट. नदीवर अजून पूल नव्हता, तेव्हाची. धुळा नावाचा एक धनगर मेंढरे घेऊन नदीकडे निघाला होता. वाट कुंभारांच्या गल्लीतून जायची आणि गल्लीत दोन्ही बाजूंना कच्ची मडकी वाळत घातलेली असायची.

धुळ्याजवळ भुंगा नावाचे एक तरणे कुत्रे होते. ते मोकळे सोडले तर कोंबड्यांमागे धावेल, म्हणून त्याने त्याला जाड दोर बांधला आणि दोराचे मनगटाभोवती तीन वेढे दिले. गल्लीत मांजर दिसले. भुंग्याने हिसका दिला, धुळ्याने उलट हिसका दिला आणि दोघेही मडक्यांवर जाऊन पडले. चाळीस मडक्यांचा चिखल झाला.

म्हातारा कुंभार भला माणूस, पण त्याचाही संयम सुटला. त्याने बजावले, आठ दिवसांनी या, तेव्हा एक जरी मडके फुटले तर डोंगराला वळसा घालून जा. वळशाची वाट तीन दिवसांची, पाण्याचा थेंब नाही आणि कळपात नुकतीच जन्मलेली अकरा कोकरे होती.

तो माळावर परतला आणि आणखी जाड दोर वळायला बसला. त्याची आत्या शेजारी लोकर कातत होती. तिने विचारले, "वढतंय कोण? त्ये का तू?"

आत्याने चातीवरचा धागा तोडून भुंग्याच्या गळ्यात बांधला आणि दुसरे टोक धुळ्याच्या हातात दिले. "धागा ताठला की हुबा ऱ्हा. सैल झाला की चाल. तुटला तर चूक तुझी."

पहिल्या दिवशी धागा तीस वेळा तुटला. सकाळपासून दुपारपर्यंत धुळा माळाच्या कडेच्या बाभळीपर्यंतसुद्धा पोहोचला नाही आणि माळावरचे बाकीचे धनगर पोट धरून हसले. पण उभा राहिला की करायला काही नसते, म्हणून तो पाहू लागला. त्याच्या ध्यानात आले, आजवर भुंग्याने ओढले की आपण चार पावले त्याच्यामागे फरफटत जात होतो, मगच उलट ओढत होतो. ओढले की पुढे जायला मिळते, हे आपणच त्याला शिकवले होते. धुळ्याला स्वतःची लाज वाटली.

सातव्या दिवशी धागा एकदाच तुटला.

आठव्या दिवशी कळप गल्लीत शिरला. अर्ध्या वाटेवर तेच मांजर आडवे आले. भुंगा झेपावला, धागा ताठला. मागे खेचायला धुळ्याचा हात शिवशिवला. त्याने तो आवरला आणि जागेवर उभा राहिला. मागे सगळी मेंढरे थांबली, ओट्यावरचे कुंभार थांबले. भुंग्याने वळून पाहिले, एक पाऊल मागे घेतले आणि धागा सैल झाला.

धुळा चालू लागला. मांजर आपल्या वाटेने गेले.

एकही मडके फुटले नाही. दुपारी अकराच्या अकरा कोकरे नदीच्या काठावर आयांना लुचत होती आणि भुंगा पाण्यात पाय सोडून बसला होता. धागा अजून धुळ्याच्या हातातच होता.

दुसऱ्याला आवरू पाहणाऱ्याने आधी आपला हात आवरावा.