कापराची तूट

अहो, आमच्या पेठेतल्या द्वारकाकाकू कासटांची गंमत ऐकाच! त्यांच्या पूजासाहित्याच्या दुकानात करखात्याचे साहेब तपासणीला आले. कापराचं पोतं तोललं, तर हिशेबापेक्षा दोन किलो कमी भरलं.

"बाई, एवढा माल बिनबिलाचा विकलात! दंड भरा, नाहीतर दुकानाला टाळं लावतो."

"साहेब, कापूर उडतो हो."

"मला शिकवू नका!" म्हणत साहेबांनी पोतं जप्त करून स्वतःच्या कचेरीत कुलपात ठेवलं.

महिन्याने वरिष्ठांपुढे सुनावणी झाली. काकूंनी पोतं पुन्हा तोलायला लावलं. आणखी किलोभर कमी!

काकू साहेबांकडे वळल्या. "माझं राहू द्या. तुम्ही कुणाला विकलात, साहेब? बिल तरी फाडलंत ना?"

वरिष्ठांनी हसत हसत दंड रद्द केला. तुम्ही मात्र कापूर विकत असाल, तर उडालेली तूट दरमहा वहीत लिहून ठेवा. काकूंची जीभ सगळ्यांकडे नसते!