ज्येष्ठमधाची एक चकती

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारंही आता कुणी उरलेलं नाही. पूर्वेकडच्या उंच डोंगरांपलीकडे ते राज्य होतं आणि तिथे एक राजवैद्य होता. त्याच्या औषधशाळेत भिंतभर लाकडी खण होते. कशात साली, कशात मुळ्या, कशात वाळकी फुलं.

काढा कुठलाही असो, मडकं चुलीवर चढवण्याआधी त्यात ज्येष्ठमधाची एक चकती टाकायची, अशी तिकडची रीत होती. औषधंही माणसांसारखीच, एका मडक्यात कोंडली की भांडतात. ज्येष्ठमध त्यांच्यात समेट घडवून आणतो, असं तिकडचे वैद्य म्हणत.

एका हिवाळ्यात राजाच्या धाकट्या लेकीला खोकला झाला. काढ्याच्या पहिल्याच घोटाला तिने महाल डोक्यावर घेतला. राजाला लढाईतला आरडाओरडा चालायचा, लेकीचं रडणं मात्र सोसायचं नाही. तो म्हणाला, "वैद्यराज, तिला कडू लागू देऊ नका."

वैद्याने एका चकतीच्या जागी मूठभर चकत्या टाकल्या. राजकन्येने वाटी चाटूनपुसून संपवली. खोकला गेला, पण काढ्याची चटक लागली. "वैद्यआजोबा, उद्या अजून गोड करा हं," असं ती रोज सांगायची आणि वैद्य तसं करायचा.

आता हे थांबवायला हवं, हे त्याला कळत होतं. पण राजा खूश होता. खूश असलेल्या राजाला नाही म्हणायला छाती लागते, आणि आपल्या वैद्याची छाती बेताचीच होती.

हिवाळा सरता सरता राजकन्येचे पाय सुजले. मग चेहरा सुजला. हात इतके गळून गेले, की तिला वाटीही धरवेना. वैद्याने तिच्या पावलावर बोट दाबलं, तर पडलेला खड्डा भरून येईना. ही ज्येष्ठमधाचीच करणी, हे त्याच्या लगेच लक्षात आलं.

राजाने लेकीचं अंथरूण औषधशाळेतच घालून घेतलं आणि दाराशी पहारेकरी उभे केले. "ती बरी झाल्याशिवाय तुम्ही इथून हलायचं नाही," तो म्हणाला. "तिचं काही बरंवाईट झालं, तर तुमचं डोकं धडावर राहणार नाही."

वैद्य चुलीपाशी बसला. सूज उतरवणारी एक जहाल मुळी त्याच्याजवळ होती. पण ती आणि ज्येष्ठमध एका पोटात कधीही जाऊ द्यायचे नाहीत, हे गुरूने त्याच्याकडून घोकून घेतलं होतं. सगळ्यांशी जुळवून घेणारा ज्येष्ठमध या एका मुळीशी मात्र हाडवैर धरतो. आणि पोरीच्या पोटात तर हिवाळाभराचा ज्येष्ठमध होता.

मुळी द्यावी, तर पोर दगावण्याची भीती. देऊ नये, तर का देत नाही ते सांगावं लागणार. कदाचित तिला सोसेलही, असं त्याच्या मनात आलं. मग आपली चूक कुणाला कळणारही नाही. त्याने मुळी मडक्यात टाकली. पाणी उकळू लागलं.

"त्यात ज्येष्ठमध टाका," राजा मागून म्हणाला, "म्हणजे ती रडणार नाही."

वैद्याचा हात ज्येष्ठमधाच्या खणापर्यंत गेला. तेवढ्यात अंथरुणातून राजकन्येचा क्षीण आवाज आला. "वैद्यआजोबा, गोड करा हं."

वैद्याने मडकं उचललं आणि अंगणात ओतून टाकलं. मग तो राजासमोर गुडघे टेकून बसला.

"महाराज, हा आजार नाही, माझी चूक आहे. तिने रडू नये म्हणून मी ज्येष्ठमध वाढवत गेलो आणि त्यानेच ती सुजली. आता तिला कुठलंच औषध देऊ नका. नुसती पातळ पेज द्या आणि वाट बघा."

राजाचा हात तलवारीवर गेला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तुम्हाला आवडलं नसतं, महाराज."

हे उत्तर राजाला झोंबलं, कारण ते खरं होतं. त्याने वैद्याला कोठडीत टाकलं, पण लेकीला पेजच दिली.

ते दिवस जाता जाईनात. राजकन्या काढ्यासाठी आकांत करायची आणि राजा दात ओठ खात बसून राहायचा. कोठडीबाहेर पाऊल वाजलं, की वैद्याला वाटे, आपल्यालाच न्यायला आले. जिवाची भीती होतीच, पण त्याहून मोठी काळजी त्या पोरीची होती.

एका सकाळी दार उघडलं. दारात राजा होता आणि त्याचं बोट धरून राजकन्या आपल्या पायांवर उभी होती.

"तुम्ही घरी जा," राजा म्हणाला. "राजवैद्य म्हणून आता तुम्हाला ठेवणार नाही. पण खरं बोललात, म्हणून माझी लेक उभी आहे."

वैद्याने राजकन्येकडे पाहिलं. तिने तोंड फिरवलं. "मी तुमच्याशी बोलणार नाही. तुम्ही माझा काढा बंद केलात."

वैद्याला रडू आवरेना. रुसायला पोर जिवंत होती.

म्हणून सांगतो, ज्याच्यावर आपली माया आहे, त्याचा रुसवा सोसावा. त्याला खूश ठेवायला वाढवलेला गोडवा त्याच्याच जिवावर उठतो.