गोमाची हाळी

फार वर्षांमागची गोष्ट. तेव्हा खाडीवर पूल नव्हता, आणि अलीकडच्या माणसाला पलीकडे जायचं तर होडीवाचून गत्यंतर नव्हतं. खाडीच्या या काठाला सुरंगवाडी आणि समोरच्या काठाला केवडवाडी. दोन्ही वाड्या मच्छीमारांच्या. इकडच्या मुली तिकडे दिलेल्या, तिकडच्या इकडे आणलेल्या. वर्षभर मिठाची, मासळीची, सुखदुःखाची ये-जा चाले. पण मार्गशीर्षातल्या अष्टमीला, जत्रेच्या सकाळी, भरती काठोकाठ आली की दोन्ही वाड्यांच्या होड्या शर्यतीला उतरत, आणि तेवढ्या सकाळपुरती सोयरीक कुणाला आठवत नसे.

सुरंगवाडीच्या होडीचं नाव घार. केवडवाडीच्या होडीचं नाव चांदणी.

सुरंगवाडीत गोमा नावाचा एक माणूस होता. त्याला पाणी सोसत नसे. काठाला बांधलेल्या होडीत नुसता पाय टाकला तरी त्याच्या पोटात ढवळायचं आणि डोळ्यांपुढे अंधारी यायची. बापानं नवससायास केले, वैदू झाले, देवीला कौल लावला. देवीनं होकाराची उजवी कळी दिली नाही आणि नकाराची डावीही दिली नाही, असं म्हणतात. शेवटी मच्छीमाराच्या पोटी जन्मलेला गोमा किनाऱ्यावर माडाखाली सुंभ वळत बसला, आणि त्यानं वळलेल्या दोरांनी बांधलेल्या होड्या दुसरेच लोक समुद्रात नेऊ लागले.

पण अष्टमीच्या सकाळी गोमा वेगळाच असे. घार निघाली की तोही निघे. ती पाण्यातून, तो काठाकाठानं. ओल्या वाळूतून, चिखलातून, खडकाळ खडपांवरून तो धावे आणि हाळी देई, "हय् घाऽऽर! हय् घाऽऽर!" त्या हाळीवर वल्ही पडत, आणि त्या हाळीवरच उचलली जात. त्याचा आवाज पाण्यावरून असा जाई, की पलीकडच्या डोंगरावर चरणारी गुरं माना वर करत, असं म्हणतात.

घार जिंकली की गोमा दारोदार सांगत फिरे, "आमी जिंकलाव! आमी जिंकलाव!" आणि हरली की परसात पाठ फिरवून बसे. अन्न घेत नसे, कुणाशी बोलत नसे. त्याची बायको शेवंती पेजेचं ताट घेऊन जवळ बसायची.

"होडी हरली," ती म्हणायची. "तुमी खय हरलात?"

"मी काय येगळो आसंय?" गोमा म्हणायचा.

ताट तसंच निवत राही.

एका अष्टमीला शेवंतीला कळा सुरू झाल्या. गोमा तेव्हा खडपावर होता. बायकांनी निरोप धाडला, तो त्याच्या कानांत शिरला नाही. मुलगी झाली, तिनं पहिला टाहो फोडला, आणि गोमा घरी आला तो धापा टाकत विचारत आला, "ऐकलास काय, घार किती म्होरं होती?" सगळी वाडी पुढे कितीतरी दिवस हे सांगून हसली. शेवंती हसली नाही. तिनं मुलीला कुशीत घेतलं आणि भिंतीकडे वळली.

मग असा काळ आला की घार हरू लागली. एका वर्षी हरली, दुसऱ्या वर्षी हरली, आणि मग हरतच राहिली. गोमा रोडावला. होडीला नवे दोर वळण्यात त्याचे दिवस जाऊ लागले. घराचं छप्पर शाकारायचं राहून गेलं. पावसात शेवंती मुलीला घेऊन या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात सरकायची, आणि गोमा ओल्या अंथरुणावर बसून विचार करायचा, की खाडीतल्या बेटाच्या वळणावर घार मागे का पडते.

घारीचा तांडेल होता रवळू. सुकाणू त्याच्या हाती असे. चांगला माणूस, पण हरून हरून कडवट झालेला. एका अष्टमीला घार अगदी काठाशी येऊन हरली. वल्हेकरी वाळूत आडवे पडले होते, कुणाच्या तळव्यांतून रक्त येत होतं. गोमा रडत पुढे आला आणि म्हणाला, "आमी कशे हरलाव रे, रवळू?"

रवळू उठून उभा राहिला. सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आमी? तुजो पाय कदी होडयेत पडलो काय? हात आमचे फुटले, गोमा. आमी हरलाव. तू कोण?"

गोमानं आपल्या हातांकडे पाहिलं. सुंभानं घट्टे पडलेले हात ते, पण वल्ह्याचा एकही घट्टा त्यांवर नव्हता. तो वळून घरी गेला.

त्या वर्षी गोमानं छप्पर शाकारलं. मुलीला खांद्यावर घेऊन तो बाजाराला गेला. शेवंतीच्या हातची पेज गरम असतानाच तो प्यायला. शेवंतीला वाटलं, देवी पावली. पण बोलता बोलता तो थांबे आणि आपण कुणाला शोधतोय हे विसरलेल्या माणसासारखा बघत राही. घरात नवरा होता, आणि तरी कुणीतरी निघून गेल्यासारखं तिला वाटत राही.

पुन्हा अष्टमी आली. गोमा घरातच बसला. त्या पहाटे खाडीवर धुकं उतरलं. तसं धुकं आधी कुणी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही, असं म्हणतात. माड बुडाले, देवळाचा कळस बुडाला, माणसाला आपलाच पसरलेला हात दिसेना. म्हातारे नको म्हणत होते. पण शर्यत कधी चुकली नव्हती. घार आणि चांदणी धुक्यात शिरल्या आणि धुक्यानं मागचं दार लावून घेतलं.

होड्या खाडीच्या मधल्या बेटाला वळसा घालून परतायच्या होत्या. परतल्या नाहीत. तेवढ्यात भरती सरली आणि ओहोटी लागली. ओहोटीचं पाणी खाडीच्या मुखाकडे ओढतं, आणि मुखाशी वाळूचा दांडा आहे. त्यावर लाट फुटली की होडीच्या फळ्या फळ्या होतात.

दोन्ही काठांवर आकांत झाला. लोक शंख फुंकू लागले, ढोल बडवू लागले, हजार हाका मारू लागले. डोंगर त्या हाका परत फेकत होता. धुक्यात अडकलेल्या माणसांना चारी बाजूंनी काठ बोलावू लागला, आणि काठ कुठेच नव्हता.

शेवंतीनं दारात उभं राहून हे ऐकलं. मग ती आत आली.

"जावा," ती म्हणाली. "हाळी द्या."

"मी कोण त्यांचो?" गोमा म्हणाला.

"ता माका ठावक नाय," शेवंती म्हणाली. "पण तुमचो आवाज त्येंका ठावक आसा. जावा आता."

गोमा धावला. वाडीच्या टोकाच्या खडपावर चढला आणि लोकांना म्हणाला, "गप ऱ्हवा." ढोल थांबले, शंख थांबले, मग पलीकडच्या काठावरचेही. गोमानं हाळी दिली, "हय् घाऽऽर!"

आत दूरवर रवळू तांडेलानं मान वळवली. इतकी वर्षं ही हाळी एकाच काठावरून आली होती. कधी दुसऱ्या काठावरून आली नव्हती. त्यानं सुकाणू फिरवलं.

पण हाळी धुक्यात विरत होती. गोमा खडपावरून खाली उतरला. घोट्याएवढ्या पाण्यात गेला, गुडघ्याएवढ्या गेला, कमरेएवढ्या गेला. त्याच्या पोटात ढवळलं की नाही, कोण जाणे. तो पाण्यात उभा होता आणि हाळी देत होता. मग त्यानं जन्मात कधी न उच्चारलेलं नाव घेतलं, "हय् चांऽऽदणी! हय् चांऽऽदणी!"

असं म्हणतात, की तेव्हा खाडीनं आपली ओहोटी धरून ठेवली. असं म्हणतात, की हाळी जिथून गेली तिथलं धुकं पडद्यासारखं बाजूला झालं, आणि काठापासून आतपर्यंत उजळ पाण्याची एक वाट पडली. मासे वर येऊन त्या वाटेच्या कडेला स्थिर राहिले. आणि त्या वाटेनं, आधी सावलीसारख्या आणि मग लाकडासारख्या, दोन्ही होड्या आल्या, वल्ह्याला वल्हं लागत.

सगळी माणसं उतरली. एकही कमी नव्हता. रवळू पाणी तुडवत गोमाजवळ आला. गोमाचे ओठ निळे पडले होते.

"तुमी इलात," गोमा कसाबसा म्हणाला.

रवळूनं त्याला खांद्याशी धरलं. "तुमी नाय रे," तो म्हणाला. "आपण. आपण इलाव."

त्या सकाळी कोण जिंकलं, हे दोन्ही वाड्यांत आजवर कुणी सांगितलेलं नाही.

गोमाचा आवाज मात्र त्यानंतर परत आला नाही. तो कुजबुजल्यासारखा बोलायचा. आवाज खाडीतच राहिला, असं म्हणतात. पुढे तो वारला, आणि शेवंती खूप म्हातारी झाली. वाडीतल्या पोरी तिला विचारायच्या, "आजये, आजोबांनी दुसऱ्यांच्या होडयेपायी जलम घालवल्यानी, ता बरा काय वायट?"

शेवंती म्हणायची, "घर गळला, ता खरा. लेकीचा पयला रडणा त्येंनी ऐकला नाय, ता पण खरा. मी ता कदी इसरलंय नाय. आणि इतकी माणसां घराक इली, ता पण खरा. ह्येच्यातला मोठा खयचा, ता माका इचारू नकात."

आता खाडीवर पूल आहे आणि होड्यांना इंजिनं आहेत. पण अष्टमीला शर्यत वल्ह्यांनीच होते. ती सुटण्याआधी दोन्ही काठांवर, ज्यांनी कधी वल्हं धरलं नाही अशी माणसं पाण्यात उतरतात. म्हातारी, लंगडी, सुना, परगावचे जावई, सगळी. आणि आधी समोरच्या वाडीच्या होडीला हाळी देतात, मग आपल्या.

आणि थंडीत खाडीवर धुकं उतरलं, की काठानं जाणारा कुणीही, शाळेला निघालेलं पोर असो की मासळीची पाटी घेतलेली बाई, घटकाभर थांबून आत हाळी देतो. आत कुणी आहे की नाही, ठाऊक नसतं. कधी कधी धुक्यातून उत्तर येतं. मग तो तिथंच उभा राहून हाळी देत राहतो, होडीचा आवाज जवळ येईपर्यंत. होडी कुठल्या वाडीची, हे कुणी आधी विचारत नाही.