वाट मोकळी आहे का?

त्या साम्राज्यात टपाल, तार आणि आगगाडी ही तिन्ही एकाच खात्याकडे होती, आणि त्या खात्याला शांतता फार आवडे.

गाडी सोडण्याआधी पुढच्या ठाण्याला तारेने विचारायचे, "वाट मोकळी आहे का?" होकार आला की हिरवे निशाण दाखवायचे, असा जुना रिवाज. पण दूरची ठाणी उत्तराला वेळ लावू लागली, कधी उत्तराऐवजी रडगाणीच पाठवू लागली. तेव्हा मंत्री बगळेसाहेबांनी एका पायावर उभ्या उभ्या फर्मान काढले: उत्तर आले नाही, तर होकार समजावा. तेव्हापासून गाड्या अगदी वेळेवर सुटत.

नदीकाठच्या ठाण्यावर तारेचे यंत्र साळुंकी सांभाळी. पुलापलीकडच्या ठाण्यावर तिची धाकटी बहीण होती. कित्येक दिवस तिकडून टिक नाही की टक नाही. गाड्या मात्र पुलावरून जातच होत्या.

आज गाडीत साळुंकीची आई होती, धाकटीच्या बाळंतपणाला निघालेली.

साळुंकीने पुन्हा पुन्हा विचारले. तार मुकी. ती इंजिनावरच्या रेड्याकडे धावली.

"रेडेदादा, थांबा ना जरा. तिकडे गेलेली एक तरी गाडी परत आली का?"

"परतीच्या गाड्यांचं खातं निराळं, बाई. आपण सोडायची. दाखवा निशाण."

तिने निशाण टाकले आणि पंख पसरून रुळांमध्येच उभी राहिली. खिडक्यांतून मेंढरांची डोकी बाहेर आली.

"ए बाई, सरक की! तुझ्या बापाची आहे का गाडी?"

"साळू, चारचौघांत काय हे?" आई दबक्या आवाजात म्हणाली. "लहानपणापासून मेली भित्रीच."

"भित्री तर भित्री. मी नाही हलणार, आई."

रेड्याने वैतागून वाफ सोडली. गाडी जागच्या जागी उभी राहिली.

तिकडे तारेच्या रिकाम्या खोलीत यंत्र वाजू लागले. मागचे ठाणे विचारत होते, "वाट मोकळी आहे का?" जरा थांबून त्याने पुन्हा विचारले. मग तेही गप्प झाले.

थोड्या वेळाने मागच्या वळणाआडून शिट्टी आली, लांबलचक आणि अगदी वेळेवर. मेंढरांनी माना वळवल्या.

"आली गं बाई मागची गाडी! आता आपलीही सुटेल," आई म्हणाली, आणि बाळंतविड्याचे गाठोडे तिने पंखाखाली नीट सारून घेतले.