राखलेलं वांगं

नदीकाठच्या एका गावात दोघीच मायलेकी राहत असत. आई अंथरुणाला खिळलेली आणि लेक सदा तिच्या उशाशी. आईचं अन्न सुटलं होतं. पेज पुढे केली की ती तोंड फिरवायची. लेक आधी लाडीगोडी लावायची, मग रागवायची आणि शेवटी वाटी उचलून परसात जाऊन रडायची.

एका सकाळी आई आपणहून म्हणाली, "आपल्या घरचं भरीत खावंसं वाटतंय गं. एकदाच."

लेकीला कोण आनंद झाला! त्यांच्या घरचं भरीत पंचक्रोशीत नावाजलेलं. तुरीच्या काड्यांच्या जाळावर वांगी भाजायची, हिरवी मिरची आणि लसूण घालून लाकडी बडगीत कुटायची, वरून कच्च्या तेलाची धार. आजीने आईला शिकवलं, आईने लेकीला. पण त्याला वांगं लागायचं ते काटेरी देठाचं, हिरवं, पांढऱ्या रेघांचं. दुसरं घातलं तरी भरीत व्हायचं, पण त्यांच्या घरचं व्हायचं नाही.

त्या दिवशी नेमका आठवड्याचा बाजार होता. लेक पिशवी घेऊन धावली. बाजारात वांग्यांचे ढीग लागलेले. जांभळी, तुकतुकीत, दिसायला देखणी आणि चवीला नुसतं पाणी! लवकर येतात, भरपूर येतात, म्हणून आता सगळे तीच लावत. रेघांची वांगी लावणारी एकटी म्हातारी माळीण उरली होती. ती बाजाराच्या टोकाला बसायची. आज तिच्या पाटीत फक्त मेथी होती.

"मावशी, वांगी कुठायत?"

"पुरात मळा गेला, बाई. बियाण्याचं गाडगंसुद्धा गेलं. बांधावरचं एक झाड तेवढं तगलंय. त्याला एकच वांगं हाय, ते बियाण्याला राखलंय."

"मला ते द्या."

"आसं नको म्हणू. पिकू दे त्याला. पुढल्या साली पहिला तोडा तुझ्या दारात आणून देईन."

"पुढच्या सालापर्यंत माझी आई नाही राहायची हो, मावशी," लेक म्हणाली आणि भर बाजारात रडू लागली.

माळीण पाटी शेजारणीवर सोपवून उठली आणि लेकीला मळ्यात घेऊन गेली. झाडाला काठीचा आधार दिला होता, चिंध्यांनी जपून बांधलं होतं. त्यावर ते वांगं लोंबत होतं, नुकतं कुठे पिवळं पडू लागलेलं.

"माझ्या हातानं नाय व्हायचं," माळीण म्हणाली. "बी अजून पिकलं नाय. आत्ता तोडलंस तर हे वाण संपलं. तुझं मन सांगंल तसं कर." आणि ती पाठ फिरवून उभी राहिली.

लेकीला समजत नव्हतं असं नाही. सगळं समजत होतं. पण डोळ्यांपुढे आईचं सुकलेलं तोंड होतं. तिने देठाला हात घातला. काटा बोचला, तरी तिने वांगं तोडलंच.

घरी येऊन तिने ते भाजलं, कुटलं, तेलाची धार सोडली. वासासरशी आई कितीतरी दिवसांनी उठून बसली. लेकीने भाकरीच्या मऊ पापुद्र्यात घास करून भरवला. आईने तो चावला आणि ती थांबली. दाताखाली बिया आल्या होत्या, निबर आणि कडवट.

"हे राखलेलं वांगं ना गं?"

लेक दुसरा घास मोडू लागली.

"दुसरं होतं तिच्याकडे?"

"नव्हतं."

आईने घास कसाबसा गिळला. "खावंसं वाटत होतं गं मला," ती म्हणाली, "पण एवढं नव्हतं."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने ताट लेकीकडे सरकवलं. "आता तू खा. चव माहीत असलेलं कुणीतरी राहू दे."

लेकीने रडत रडत ते भरीत संपवलं. तिला नुसता कडूपणाच कळला. त्यानंतर आईने काही मागितलं नाही, आणि थोड्याच दिवसांत ती गेली.

सुतक फिटल्यावर लेक बाजारात आली. टोकाकडे जायचं ती टाळत होती, पण माळणीनेच हाक मारून तिला जवळ बसवलं. पाठीवरून हात फिरवत तिने विचारलं, "आईनं खाल्लं का गं पोटभर?"

म्हातारीने आपलं होतं नव्हतं ते दिलेलं. तिला खरं कोणत्या तोंडाने सांगायचं?

"हो, मावशी. पोटभर."

"मग माझ्या वांग्याचं सोनं झालं," माळीण म्हणाली आणि समाधानाने हसली. लेकीला ते हसू बघवलं नाही. ती उठली आणि काहीही न घेता घरी गेली.

तात्पर्य: बियाणं मोडून केलेला घास, ज्याच्यासाठी केला त्याच्याही घशाखाली धड उतरत नाही.